खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंगसाठी रीळ कसे निवडावे आणि कसे जपावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण फ्लोरिडात टॅम्पा येथे राहता. डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट धरण्यासाठी घेतलेले ५ वेटचे (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा क्रमांक; आकडा मोठा तशी लाईन जड) रीळ आपल्याकडे आहे, आता ८ वेटचा रॉड घेतला आहे आणि मे महिन्यात फ्लोरिडा कीज या बेटांवरील इस्लामोराडा येथे बोनफिश या उथळ पाण्यातल्या वेगवान माशासाठी जाण्याचा बेत आहे. जुने रीळ चार दिवस चालेल का, नवे घ्यायचे तर ४०० डॉलरांत काय पाहून घ्यावे, ड्रॅग, म्हणजे लाईन सुटताना रिळाला लागणारा ब्रेक, बंद बरा की बुचाचा, आणि पुढे तेच रीळ अलिबागला नेऊन जिताड्यासाठी वापरायचे झाल्यास त्याची निगा कशी राखावी, असे आपण विचारले आहे. मी गेली २२ वर्षे फ्लोरिडा कीज आणि बहामाच्या उथळ पाण्यात फ्लायने, म्हणजे पिसा-धाग्यांच्या हलक्या नकली आमिषाने, मासे धरतो आहे आणि या काळात स्वतःची व मित्रांची बरीच रिळे उघडून साफ केली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की समुद्रावरचे रीळ निकामी होते ते बहुधा माशामुळे नव्हे, तर त्या दिवशी संध्याकाळी त्याच्याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. म्हणून निवडीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, निगेविषयी लिहितो.

जुन्या रिळाविषयी आधी सांगून टाकतो: बोनफिशसाठी ते नेऊ नका. ओढ्यावर रीळ हे केवळ लाईन गुंडाळून ठेवण्याचे साधन असते, कारण ट्राउट बहुतेक वेळा हाताने लाईन ओढूनच जवळ आणता येतो. गुडघाभर पाण्यातल्या बोनफिशला मात्र खाली जायला खोली नसते आणि लपायला आडोसा नसतो, त्यामुळे गळ लागताच तो मोकळ्या समुद्राच्या दिशेने सरळ धावतो. तीनएक किलोचा मासा पहिल्याच धावेत २७ ते ३० मीटरची संपूर्ण लाईन आणि तिच्यामागचे शंभरेक मीटर बॅकिंग (लाईनच्या मागे जोडलेला बारीक राखीव दोरा) सहज घेऊन जातो. ८ वेटची जाड लाईन आणि २० पौंडांच्या ताकदीचे निदान १८० मीटर बॅकिंग आपल्या ५ वेटच्या स्पूलवर, म्हणजे रिळाच्या फिरत्या चाकावर, मावणारच नाही. टॅम्पाच्या खाडीतल्या स्नूक आणि रेडफिशची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे मासे लांब धावत नाहीत, तिवरांच्या मुळांकडे एकच जोरदार मुसंडी मारतात आणि त्यांना तिथेच हाताने अडवावे लागते, त्यामुळे तिथे ड्रॅगची परीक्षा फारशी होत नाही. मीठ मात्र तिथेही तेच काम करते.

आता ड्रॅग किती असावा हे पाहू, कारण जाहिरातींतला बहुतेक गोंधळ इथेच होतो. ड्रॅग म्हणजे स्पूलला लागलेला ब्रेक. अमुक रीळ २० पौंड, तमुक ३० पौंड ड्रॅग देते असे आकडे छापलेले असतात आणि नवा माणूस मोठा आकडा पाहून पैसे मोजतो. परंतु बोनफिशसाठी आपण १२ ते १६ पौंडांच्या ताणाला तुटणारे टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा, वापरणार आहात, आणि सुरुवातीचा ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका ठेवणे हा जुना आणि खात्रीचा नियम आहे. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात साधारण १.१ ते १.८ किलोचा ताण लागणार. त्याहून फार अधिक लावला तर रीळ टिकेल आणि टिपेट तुटेल. १९८२ साली फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होमोसासा येथे नामवंत फ्लाय मासेमार बिली पेट यांनी १८८ पौंडांचा टार्पन १६ पौंडांच्या टिपेटवर धरला. सुमारे ८५ किलोचा मासा ज्या दोऱ्यावर आला तो सव्वासात किलोच्या ताणाला तुटणारा होता. याच बिली पेट यांच्या नावाची रिळे बनवणारे टिबॉर युरासिक हे हंगेरीतून अमेरिकेत आलेले यंत्रकारागीर होते, आणि त्यांच्या रिळांचे नाव झाले ते ताकदीपेक्षा ड्रॅगच्या एकसारखेपणामुळे. जायंट ट्रेव्हलीसारख्या प्रवाळावरच्या माशांसाठी शंभर पौंडांचे लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा) लावतात, तिथे अधिक ड्रॅगची गरज खरीच असते. आपल्या ८ वेटच्या कामाला ती नाही.

एकसारखेपणा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. कोणतीही थांबलेली चकती हलवायला लागणारा जोर ती फिरत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा अधिक असतो. चांगल्या ड्रॅगमध्ये हा फरक जाणवतही नाही. वाईट ड्रॅगमध्ये स्पूल आधी अडते आणि मग झटक्याने सुटते, आणि त्या झटक्यातच टिपेट जाते. बोनफिश एकदाच धावत नाही, तो थांबतो आणि पुन्हा धावतो, म्हणून हा आरंभीचा अडथळा एका माशामागे तीन-चार वेळा आडवा येतो. दुकानात तपासण्याची माझी पद्धत सोपी आहे. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुक असलेला छोटा काटा मी बरोबर नेतो, रिळावर बॅकिंगचा तुकडा गुंडाळून त्याच्या टोकाला काटा अडकवतो, ड्रॅग सुमारे एक किलोवर लावतो आणि सावकाश ओढत काट्यावर लक्ष ठेवतो. स्पूल हलण्याच्या क्षणी काटा सव्वा किलोच्या आत राहून लगेच एक किलोवर स्थिरावला तर रीळ घेण्यासारखे आहे. तो दीड किलोवर जाऊन खाली कोसळत असेल, तर किंमत कितीही असो, ते परत ठेवावे. ही चाचणी दहा वेळा करावी आणि मधे पाच मिनिटे थांबून पुन्हा करावी, कारण काही ड्रॅग काही वेळ न हलल्यावरच चिकटतात.

याच्याशी जोडलेली दुसरी बाब म्हणजे स्पूलचा गाभा. ब्रेकचा जोर तोच राहिला तरी लाईन बाहेर जाऊन स्पूलवरचा वेढा लहान झाला की माशाला जाणवणारा ताण वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास १० सेंटिमीटर असताना ड्रॅग १.२ किलो लावला असेल, तर व्यास ७ सेंटिमीटर उरल्यावर तोच ड्रॅग १.७ किलो होतो आणि ५ सेंटिमीटरवर २.४ किलो. त्यात लांब लाईन पाण्यातून ओढली जाण्याचा ताण वेगळा. म्हणून रुंद गाभ्याचे, म्हणजे लार्ज आर्बर, रीळच घ्यावे. त्यात व्यास फार घटत नाही आणि मासा अचानक आपल्याकडे वळला तर लाईनही भराभर गुंडाळता येते. मासा दूर गेलेला पाहून घाबरून ड्रॅग आवळण्याची इच्छा होते, ती आवरावी. त्या वेळी गरज पडलीच तर ड्रॅग सैल करायचा असतो आणि जादा ताण तळहाताने स्पूलच्या कडेवर द्यायचा असतो. तळहात क्षणात उचलता येतो. मासा धावत असताना बटन उलटे फिरवायला वेळ मिळत नाही.

बंद ड्रॅग की बुचाचा, या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी बराच काळ राहिलो आहे. बूच हा ओकच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून मिळणारा पदार्थ. तो दाबला जातो, पुन्हा फुगतो, उष्णतेने वितळत नाही, आणि तेल लावलेला असेल तर त्याची सुरुवात अतिशय मऊ असते. या ड्रॅगमधले सारे काही उघडून डोळ्यांनी पाहता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. त्याची मागणी एवढीच की बुचाला अधूनमधून तेल द्यावे आणि वापर संपला की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर बूच दबूनच राहते आणि मग ते धरते-सोडते. बुचाला द्यायचे ते शुद्ध नीट्सफुट तेल गुरांच्या नळीच्या हाडांपासून काढतात. आपल्यातील अनेकांना ते हाताळणे रुचणार नाही हे मी जाणतो, आणि ज्यांना रुचणार नाही त्यांनी खुशाल कार्बनच्या चकत्यांचा बंद ड्रॅग घ्यावा, पण बुचावर दुसरे तेल घालून पाहू नये. खोबरेल थंडीत थिजते आणि शिवणयंत्राचे तेल बुचासाठी नसते. बंद ड्रॅगमध्ये चकत्या आणि बेअरिंग रबरी कड्यांच्या आत असतात, म्हणून रोजची देखभाल कमी लागते. परंतु कडे जुने झाले आणि खारे पाणी आत शिरले, तर ते आपल्याला दिसत नाही आणि बाहेरही पडत नाही. तापलेले रीळ एकदम गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि कड्याच्या बाजूने पाणी आत खेचले जाते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. आपण वर्षातून दहा-पंधरा दिवस मासे धरणार असाल, तर मी बंद ड्रॅगचे मधल्या किमतीचे रीळ सुचवीन, मात्र ज्याचा ड्रॅगचा डबा अखंड काढून बदलता येतो असेच. दर आठवड्याला पाण्यावर जाणाऱ्या आणि स्वतःच्या हातांनी रीळ उघडायला आवडणाऱ्या माणसाला मी अजूनही बुचाचेच देईन.

सांगाडा ओतीव नसावा, तर अ‍ॅल्युमिनियमच्या सळईतून कोरून काढलेला असावा. त्यासाठी बहुधा ६०६१-टी६ हा मिश्रधातू वापरतात. त्यावरचे अ‍ॅनोडायझिंग हा रंग नव्हे, तो त्याच धातूपासून तयार केलेला ऑक्साइडचा कठीण थर असतो, आणि म्हणूनच तो रंगासारखा पापुद्रे धरून सुटत नाही. रंग दिलेल्या स्वस्त रिळाला टवका उडाला की पाणी रंगाखाली पसरत जाते आणि फोड येतात. अ‍ॅनोडाइज केलेल्या रिळावरही खोल ओरखडा पडला की उघडा धातू समुद्राच्या तोंडी जातो. सर्वांत नाजूक जागा म्हणजे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ज्या छिद्रांत बसतात ती. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी अशी जोडी जमली की तिथे बॅटरीसारखीच क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. नवे रीळ आणल्यावर बाहेरचे स्क्रू एकेक काढून त्यांच्या आट्यांना सागरी ग्रीसचा पातळ हात लावून पुन्हा बसवावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते न केल्यामुळे दोन वर्षांनी स्क्रू जागीच जाम झालेली अनेक रिळे माझ्यापुढे आली आहेत.

डाव्या की उजव्या हाताने गुंडाळायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. फक्त बदल करण्यासाठी एकेरी बेअरिंग उलटवावे लागते, ते दुकानातच करून घ्यावे. हे एकेरी बेअरिंग, ज्यामुळे स्पूल एका बाजूला मोकळे फिरते आणि दुसऱ्या बाजूला ड्रॅग पकडतो, बरेचदा साध्या क्रोम स्टीलच्या बारीक रोलरांचे असते, आणि पाणी शिरले तर सर्वांत आधी गंज चढतो तो त्याच्यावर. ड्रॅगचे बटन ओल्या हाताने पकडता येईल एवढे मोठे असावे आणि स्पूल व सांगाडा यांच्यामधल्या फटीत लीडर जाऊ नये.

बॅकिंग भरताना घाई करू नका. २० पौंडांचे डॅक्रॉन (पॉलिएस्टरचा विणलेला दोरा) आपल्याला पुरेसे आहे. जेलस्पन (पॉलिएथिलिनचा दोरा) बारीक असते, त्यामुळे अधिक मावते, पण ते स्वतःच्याच वेढ्यांत रुतते आणि धावत्या माशावर बोट कापते. बॅकिंग ओल्या फडक्यातून ओढत, चांगला ताण देऊन, स्पूलच्या दोन्ही कडांपर्यंत सारखे पसरत गुंडाळावे. सैल गुंडाळलेले बॅकिंग माशाच्या ताणाखाली खालच्या थरात घुसते आणि पुढच्या धावेत अडकते.

आता निगेकडे वळतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी ते क्षार रिळाच्या सांध्यांत राहतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि रात्रभर काम करत राहतात. म्हणून धुण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकू नये. होडीवरून उतरल्यावर रीळ आधी सावलीत निवू द्यावे. मग ड्रॅग हलका आवळून, तांब्याने किंवा शॉवरच्या हलक्या धारेने गोडे पाणी ओतावे. नळीची जोराची धार मारू नये. ती मीठ धुण्याऐवजी कड्यांच्या आत ढकलते. त्यानंतर स्पूल काढून, बंद ड्रॅगचा भाग बाजूला ठेवून, फक्त स्पूल कोमट पाण्यात १५ मिनिटे ठेवावे. सांगाड्याच्या कोपऱ्यांतून जुना मऊ दात घासायचा ब्रश फिरवावा, हवा तर साबणाचा एखादा थेंब घ्यावा. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू किंवा धुण्याचा सोडा यांपैकी काहीही लावू नये, कारण आम्ल आणि तीव्र अल्कली अ‍ॅनोडायझिंगचा थर खातात आणि पावडर तो खरवडते. गंज सोडवण्याचे फवारे तर ड्रॅगच्या आसपासही आणू नयेत.

एवढे बहुतेक लोक करतात. जे राहून जाते ते बॅकिंग. माझ्या पहिल्या चांगल्या रिळाची गोष्ट सांगतो. मी ते दर वेळी निष्ठेने धूत असे, बाहेरून ते नव्यासारखे चमकत असे, पण बॅकिंग कधी उलगडले नव्हते. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका मध्यम टार्पनने लाईन आणि जवळजवळ सारे बॅकिंग नेले, आणि मग काहीही झटका न बसता सारे सैल पडले. बॅकिंग तळाजवळ तुटले होते. उरलेले उलगडल्यावर स्पूलच्या गाभ्यावर पांढरी भुकटी आणि मसुराएवढे खड्डे दिसले. त्यांच्या धारदार कडांवर डॅक्रॉन घासून कुजल्यासारखे झाले होते. विणलेल्या दोऱ्याच्या धाग्यांमध्ये खारे पाणी शिरले की ते वरून धुण्याने निघत नाही आणि थेट गाभ्यापर्यंत झिरपते. तो मासा तोंडात गळ आणि मागे सारी लाईन आणि बॅकिंग घेऊन गेला, याचे दुःख मला आजही आहे. तेव्हापासून ज्या दिवशी बॅकिंग पाण्यात जाते, त्या संध्याकाळी मी ते लाईनसकट उलगडून बादलीत सोडतो, पाणी दोनदा बदलतो आणि शेवटी बॅकिंगचे टोक जिभेला लावून पाहतो. खारट लागले तर पुन्हा एक पाणी. मग पंख्याखाली, सावलीत, स्पूल वेगळे ठेवून रात्रभर वाळवतो आणि सकाळी पुन्हा ताण देऊन गुंडाळतो. माशाने बॅकिंग नेले नसेल तरीही मोसमात एकदा आणि मोसम संपल्यावर एकदा हे करावेच.

वाळल्यावर मुठीच्या दांड्यावर तेलाचा एक थेंब, स्पूलच्या आसावर ग्रीसचा पुसट हात, आणि ड्रॅग पूर्ण सैल. कार्बनच्या चकत्यांना निर्मात्याने सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नये. रिळासोबत मिळणारी निओप्रीनची पिशवी प्रवासात धक्क्यांपासून राखते, पण ओले रीळ तिच्यात बंद केले तर आतला ओलावा कोंडून राहतो. घरी मी सुती पिशवी वापरतो. आणखी एक सावधगिरी: डास पळवणाऱ्या मलमात डीट असेल तर ते लाईनचे प्लास्टिक खराब करते, म्हणून ते लावल्यावर हात, विशेषतः तळवे, धुऊनच लाईनला स्पर्श करावा.

अलिबागसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. जिताडा स्वभावाने टॅम्पाच्या स्नूकच्या फार जवळचा आहे. तोही खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या आणि खडकांच्या आडोशाला, भरती-ओहोटीच्या वळणावर दबा धरतो, त्यामुळे तिथे आपले ८ वेटचे रीळ ताकदीने कमी पडणार नाही. मोठ्या माशांची आशा असेल तर ९ वेट घ्यावे. फरक पाण्याचा आहे. फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात तळ दिसतो, तर अलिबागकडच्या खाड्यांचे पाणी गाळाने भरलेले असते, आणि तो मऊ चिखल स्पूलच्या कडेखाली लेपासारखा बसतो. तो फडक्याने पुसू नये, पुसला की कण घासतात. आधी भिजवून सुटू द्यावा आणि मग पाणी ओतावे. शिवाय किनाऱ्यालगतच्या घरात हवाच खारी असते. खिडक्यांच्या गजांना जे होते तेच कपाटात ठेवलेल्या न वापरलेल्या रिळालाही होते. पावसाळ्यात तिथे रीळ ठेवायचे असेल तर ते पूर्ण कोरडे करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि दर महिन्याला बाहेर काढून ड्रॅग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावा.

आपल्या ४०० डॉलरांपैकी ३०० ते ३५० रिळावर खर्च करावेत आणि उरलेल्यांतून त्याच रिळाचे एक जादा एकेरी बेअरिंग, रबरी कड्यांचा एक संच, योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि सागरी ग्रीसची लहान नळी घ्यावी. हे सुटे भाग अलिबागच्या बाजारात मिळतील असे धरून चालू नये. इस्लामोराडाला निघण्याच्या आठवडाभर आधी रीळ एकदा संपूर्ण उघडून पुन्हा जोडून पाहावे, म्हणजे मुक्कामात दिव्याच्या उजेडात ते करताना हात चाचपडणार नाहीत.